न्यायासनापर्यंत पोहोचलेला तुरुंगज्वर

१७५० चा वसंत ऋतू. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात खटल्यांचे सत्र चालू होते. शेजारच्याच न्यूगेट तुरुंगातून आणलेले कैदी लहान, कोंदट खोल्यांत दाटीवाटीने उभे होते आणि दालनात बघ्यांची गर्दी उसळली होती. सत्र संपल्यानंतर काही दिवसांतच लंडनचे लॉर्ड मेयर सर सॅम्युअल पेनंट, दोन न्यायाधीश, एक आल्डरमन आणि वकील, पंच, प्रेक्षक मिळून पन्नासच्या आसपास माणसे तापाने दगावली.

या तापाला इंग्लंडमध्ये ‘तुरुंगज्वर’ म्हणत. आज आपण त्याला टायफस म्हणतो. नावे सारखी वाटली तरी टायफॉइडशी त्याचा संबंध नाही.

न्यूगेटच्या भिंतींआड हा ताप पिढ्यानपिढ्या माणसे मारत होता. त्याची राज्यव्यवस्थेला विशेष फिकीर नव्हती. फिकीर उत्पन्न झाली ती ताप आरोपीच्या पिंजऱ्यातून न्यायासनाकडे सरकला तेव्हा. हेही पहिल्यांदा घडत नव्हते. १५७७ च्या जुलैत ऑक्सफर्डच्या न्यायसत्रानंतर मुख्य न्यायाधीश सर रॉबर्ट बेल यांच्यासह सुमारे तीनशे माणसे मरण पावली होती. तो प्रसंग ‘काळे न्यायसत्र’ म्हणून इतिहासात नोंदला गेला.

दूषित हवेतून रोग पसरतो, अशी तेव्हाची समजूत. म्हणून न्यायाधीश सुगंधी वनस्पतींच्या जुड्या हाती धरून बसत. १७५२ मध्ये स्टीफन हेल्स या धर्मोपदेशक शास्त्रज्ञाने (घोड्याचा रक्तदाब प्रथम मोजणारा तो हाच) न्यूगेटच्या छपरावर पवनचक्कीने चालणारे वायुवीजनयंत्र बसवले. ते बसवणाऱ्या कामगारांपैकीच काहींना ताप जडला. मात्र तुरुंगातील आजारी कैद्याला वैद्य मिळण्याचा हक्क आहे काय, हा प्रश्न अजून कोणी धसास लावला नव्हता.

तो लावला जॉन हॉवर्डने. १७७३ मध्ये तो बेडफर्डशायरचा शेरीफ झाला. पद मानाचे, मुंबईच्या नगरपालपदासारखे. पूर्वीचे शेरीफ तुरुंगाकडे फिरकत नसत, हा मात्र स्वतः आत गेला. तेथे त्याला निर्दोष सुटलेली माणसेही कोठडीतच दिसली. कारण जेलरला पगार नव्हता, त्याची कमाई कैद्यांनी द्यायच्या शुल्कावर चाले. शुल्क भरले नाही तर सुटका नाही! जेलरला पगार द्यावा, असे हॉवर्डने सुचवताच परगण्याच्या न्यायाधिकाऱ्यांनी पूर्वीचा दाखला मागितला. दाखला शोधण्यासाठी तो शेजारच्या परगण्यांत गेला, आणि तेथून त्याची आयुष्यभराची तुरुंगयात्रा सुरू झाली.

त्याच्या टिपणवहीलाही तुरुंगाचा इतका दर्प लागे की ती विस्तवापुढे धरून शेकल्याशिवाय उघडता येत नसे. कपड्यांच्या वासामुळे बंद घोडागाडीत बसणे असह्य होई, म्हणून तो घोड्यावरून हिंडे. पण त्याच्या नोंदींतील सर्वांत बोलकी नोंद एक्झेटरची आहे. तेथे तुरुंगासाठी शल्यवैद्य नेमलेला होता. मात्र तळकोठडीत तुरुंगज्वराने आजारी असलेल्या कैद्यांना तपासण्याच्या जबाबदारीतून त्याला करारानेच मुक्त केले होते. ज्या रोगासाठी वैद्य हवा, नेमका तोच रोग वगळलेला!

मार्च १७७४ मध्ये हॉवर्डने ब्रिटिश संसदेसमोर साक्ष दिली. खासदार अलेक्झांडर पॉपहॅम यांच्या पुढाकाराने त्याच वर्षी दोन कायदे झाले. एकाने निर्दोष ठरलेल्यांची शुल्काच्या कचाट्यातून सुटका केली. दुसरा कैद्यांच्या आरोग्याचा. भिंती-छतांना वर्षातून किमान एकदा चुना द्यावा, हवा खेळती ठेवावी, आजारी स्त्री-पुरुषांसाठी वेगळ्या खोल्या असाव्यात, स्नानाची सोय असावी, वैद्य नेमावा आणि त्याने कैद्यांच्या प्रकृतीचा अहवाल न्यायाधिकाऱ्यांना द्यावा. या शेवटच्या तरतुदीचे मोल सर्वांत मोठे मानले पाहिजे. कैद्याची प्रकृती ही जेलरची खासगी बाब न राहता लेखी उत्तर देण्याची गोष्ट झाली.

कायदा झाला, तरी पाळला जाईना. हॉवर्डने दोन्ही कायदे स्वखर्चाने छापून तुरुंगाधिकाऱ्यांना पाठवले. पुन्हा भेटी दिल्या, तेव्हा अनेक ठिकाणी काहीच बदलले नव्हते. १७७७ मध्ये त्याने आपल्या नोंदी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. पुढे युरोपभर फिरताना जानेवारी १७९० मध्ये, आजच्या युक्रेनमधील खेरसोन येथे तापानेच त्याचा अंत झाला.

रोगाचे खरे कारण त्यालाही ठाऊक नव्हते. ते १९०९ मध्ये ट्युनिस येथे शार्ल निकोल यांनी दाखवून दिले. दारात कपडे काढून घेऊन अंघोळ घातलेल्या रुग्णांपासून रुग्णालयात कोणालाच लागण होत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. अपराधी हवा नव्हती. कपड्यांत राहणाऱ्या उवा होत्या. म्हणजे न्यायाधीशांच्या सुगंधी जुड्या व्यर्थ होत्या, पण हॉवर्डने मागितलेली स्नानगृहे चुकीच्या कारणासाठी का होईना, अचूक होती.

तोवर ब्रिटिशांनी हिंदुस्थानातही १८९४ चा तुरुंग कायदा आणला होता. येरवडा-ठाण्यासारखे आपले तुरुंगही दीर्घकाळ त्याच कायद्याखाली चालले. दाखल झालेल्या गुन्हेगार कैद्याची शक्य तितक्या लवकर वैद्यकीय तपासणी करावी, असे त्यात आहे. एखाद्या कैद्याने वैद्यकीय कर्मचाऱ्याला भेटण्याची इच्छा सांगितली, किंवा तो नुसता आजारी दिसला, तरी पहारेकऱ्याने ते जेलरला आणि जेलरने वैद्यकीय कर्मचाऱ्याला विनाविलंब कळवावे, असे कलम ३७ सांगते. प्रत्येक तुरुंगात रुग्णालय किंवा आजाऱ्यांसाठी योग्य जागा असलीच पाहिजे, हे कलम ३९. एक्झेटरच्या करारातील ती सवलत त्यात कोठेही नाही.