भंडाऱ्याची गारपीट : आधीचे बहात्तर तास आणि नंतरचे

१३ फेब्रुवारी २०१८, मंगळवार. महाशिवरात्रीच्या दिवशी नागपूर, भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांना गारपिटीने झोडपले. गारा पडतात त्या काही मिनिटेच, पण त्यांची जुळवाजुळव आकाशात दोन-तीन दिवस आधीपासून सुरू असते आणि वेधशाळेला ती दिसतही असते. मग शेतकऱ्याच्या हाती खरोखर किती वेळ येतो?

७२ तास आधी : शनिवार, १० फेब्रुवारी

हवामान विभागाने विदर्भ-मराठवाड्यासाठी गारपिटीचा इशारा दिलेला आहे. बंगालच्या उपसागराकडून ओलसर वारे मध्य भारतात शिरत आहेत. त्यांच्यावरून उत्तर-पश्चिमेकडचे थंड, कोरडे वारे वाहत आहेत. खाली दमट, वर थंड अशी ही मांडणी वादळी ढगांना पोसते.

भंडाऱ्यात या दिवसांत धान निघालेल्या बांध्यांमध्ये लाखोरी, हरभरा, जवस आणि गहू उभा असतो. पाण्याची सोय असेल तिथे उन्हाळी धानाची रोवणी चालते. आंब्याला मोहोर असतो. इशारा अख्ख्या विदर्भाचा, आणि उभे पीक काही घरात नेता येत नाही.

४८ तास आधी : रविवार, ११ फेब्रुवारी

पहिला तडाखा पश्चिमेला बसतो. जालना, बीड, परभणी, बुलढाणा, वाशीम आणि अमरावती जिल्ह्यांत गारा पडतात, माणसे दगावतात. दुसऱ्या दिवशी सरकारचा प्राथमिक अंदाज येतो : अकरा जिल्ह्यांत सुमारे सव्वा लाख हेक्टरवरील पिकांना फटका. भंडाऱ्यासाठी यापेक्षा स्पष्ट इशारा कोणता? तेच वारे अजून वाहत आहेत.

२४ तास आधी : सोमवार, १२ फेब्रुवारी

पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या निरीक्षणासाठी नागपूरच्या वेधशाळेतून फुगा सोडला जातो. वर जाता जाता तो तापमान, आर्द्रता आणि वारा कळवतो. पूर्वानुमानकार त्यातून तीन गोष्टी ताडतो : जमिनीलगतची हवा उचलली गेली तर किती जोराने वर जाईल, उंचीनुसार वाऱ्याची दिशा आणि वेग किती बदलतो, आणि शून्य अंशाची पातळी किती उंचावर आहे. वर जाणारा झोत जितका जोरदार, तितका वेळ गार ढगात तरंगत राहते. गोठणबिंदूखालच्या तापमानातही द्रवरूप असलेले थेंब तिच्यावर येऊन गोठतात आणि ती थराथराने वाढते. शून्य अंशाची पातळी खाली असली, तर पडताना वितळायला तिला वाव कमी मिळतो. म्हणूनच मध्य भारतात भर पावसाळ्यापेक्षा फेब्रुवारी-मार्चच्या गारा अधिक घातक ठरतात.

जगभर पद्धत साधारण हीच आहे. अमेरिकेत ओक्लाहोमातल्या नॉर्मन शहरातून साऱ्या देशासाठी आठ दिवस पुढपर्यंतच्या वादळी धोक्याचे नकाशे निघतात. तिथे इंचभर किंवा त्याहून मोठी गार तीव्र वादळाची खूण मानतात. पण तो नकाशासुद्धा प्रदेश दाखवतो, शेत दाखवत नाही. ढग अजून जन्मलाच नसेल तर तो कोणत्या शिवारावर फुटेल, हे कोणत्याच संगणकाला सांगता येत नाही.

३ तास आधी

आता तात्काळ अंदाजाची पाळी येते. तो पुढच्या दोन-तीन तासांपुरता आणि जिल्ह्याच्या नावाने निघतो. मोहाडी आणि लाखांदूर एकाच जिल्ह्यात असले, तरी एकीकडे गारा आणि दुसरीकडे लख्ख ऊन असे होऊ शकते. गारांचा पट्टा अनेकदा काही किलोमीटरच रुंद असतो. दोन-चार कोरडे इशारे गेले की पुढच्या खऱ्या इशाऱ्याकडेही लोक काणाडोळा करतात.

महाशिवरात्रीला घराबाहेर गर्दी असते. तुमसर तालुक्यातल्या गायमुखला तर यात्राच भरते. अशा दिवशी मोबाइलवरचा संदेश वाचणार कोण, हा प्रश्न ढगाइतकाच महत्त्वाचा.

अर्धा तास आधी

ढग उभा राहिला की नागपूरच्या डॉप्लर रडारला तो दिसतो. नागपूर ते भंडारा अंतर साठ-पासष्ट किलोमीटर, म्हणजे जिल्हा रडारच्या टप्प्यात येतो. गोठणपातळीच्या बऱ्याच वरून जोरदार प्रतिध्वनी येऊ लागला, तर ढगात गारा असल्याची दाट शक्यता असते. आता दिशा आणि वेगही कळतो, म्हणजे गावाचे नाव घेता येते. पण हाती उरतात मिनिटे. तेवढ्यात माणसे आणि जनावरे आडोशाला जातात, मळणीचा ढीग ताडपत्रीखाली जातो. उभा हरभरा जागीच राहतो.

शून्य

गारा पडतात. इंचभराची गारही ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास वेगाने आदळते. घाटे गळतात, गहू आडवा होतो, भाजीपाल्याची पाने फाटतात, कवेलू फुटतात. तुमसरला शेकडो पोपट मेलेले सापडले.

नंतरचे ७२ तास

प्रधानमंत्री पीक विमा योजनेत तेव्हा गारपीट ही स्थानिक आपत्ती धरली जाई आणि नुकसानीची खबर बहात्तर तासांत द्यावी लागे. त्याच सुमारास तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायकांचे पंचनामे सुरू होत. त्या वेळच्या निकषांनुसार किमान ३३ टक्के नुकसान असेल तर दोन हेक्टरच्या मर्यादेत मदत मिळे : कोरडवाहूला हेक्टरी ६,८०० रुपये, बागायतीला १३,५०० आणि फळबागांना १८,०००.

जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीनुसार गारपिटीने सर्वाधिक बळी घेतले ते आपल्याच देशात : ३० एप्रिल १८८८, मुरादाबाद, २४६ मृत्यू. तेव्हा रडार नव्हते, उपग्रह नव्हता. आज दोन्ही आहेत, म्हणून माणूस वाचवता येतो. पीक वाचवायला अंदाज पुरत नाही. त्याला जाळी, लवकर कापणी आणि वेळेवर भरलेला विमा लागतो.

म्हणून प्रत्येक ग्रामपंचायतीने फेब्रुवारी उजाडण्याआधी तीन गोष्टी ठरवून टाकाव्यात : तीन दिवस आधीच्या इशाऱ्यावर पिकलेले काय काढायचे, तीन तास आधीच्या इशाऱ्यावर काय झाकायचे, आणि अर्धा तास उरला असताना भोंगा कोणी वाजवायचा.