झोप न येणारी द्राक्षवेल आणि वाइनची पहिली बाटली

‘जितकी जुनी, तितकी चांगली.’ वाइनविषयी दुसरे काहीही ठाऊक नसले तरी एवढे वाक्य बहुतेकांना ठाऊक असते. पहिली बाटली घेणारा नवखा माणूस म्हणूनच फळीवर सर्वांत जुने साल शोधतो, चार पैसे अधिक मोजतो आणि पांढऱ्या वाइनची ती बाटली दोन उन्हाळे कपाटात जपून ठेवतो. मग एखाद्या शुभप्रसंगी ती उघडली, की काळवंडलेल्या सफरचंदाचा वास येतो, आणि ‘आपल्याला यातले काही कळत नाही’ असा निष्कर्ष तो स्वतःविषयी काढतो. दोष त्याच्या जिभेचा नसतो. नियम थंड देशातला होता आणि बाटलीतली द्राक्षे दख्खनची होती.

भारताला द्राक्षमद्य नवे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्राक्षाच्या मद्याला ‘मधु’ म्हटले आहे आणि त्याचे ‘कापिशायन’ व ‘हारहूरक’ असे प्रदेशांवरून पडलेले प्रकार दिले आहेत. कापिशी म्हणजे आजच्या काबूलच्या उत्तरेकडील बेग्रामचा परिसर. पाणिनीलाही ते नाव ठाऊक होते. मूळ गावाच्या नावाने मद्य ओळखण्याची रीत केवळ फ्रान्सची नव्हे, हे येथे सहज ध्यानात येते. पण हा सारा प्रदेश बर्फाचा आहे. एकोणिसाव्या शतकात काश्मीरच्या महाराजा रणबीरसिंहांच्या काळात फ्रान्सच्या बोर्दो प्रांतातून वेली आणून दल सरोवराकाठी लावल्या गेल्या, त्याही थंडीतच. पुढे त्या मळ्यांना फायलोक्झेराने गाठले. वेलीच्या मुळांवर जगणारा हा सूक्ष्म कीटक मूळचा उत्तर अमेरिकेचा. १८६८ मध्ये फ्रान्समधल्या मरणाऱ्या वेलींच्या मुळांवर प्लाँशाँ या वनस्पतिशास्त्रज्ञाने तो ओळखला होता. अमेरिकन वेलीच्या खुंटावर युरोपीय काडीचे कलम करणे, हा त्यावरचा उपाय ठरला. (आज आपल्याकडेही ‘डॉगरिज’सारख्या अमेरिकन खुंटांवर कलमे होतात, पण मुख्यतः क्षारपड जमीन आणि पाण्याची ओढ सोसावी म्हणून. उपाय तोच, रोग निराळा.)

दख्खनची कथा मात्र पहिल्यापासून वेगळी आहे. चौदाव्या शतकात दौलताबादला आलेल्या इब्न बतूताने नोंदवून ठेवले, की येथे द्राक्षे वर्षातून दोनदा येतात. प्रवाशाला ती नवलाई वाटली असेल. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ती फार मोलाची नोंद आहे. समशीतोष्ण प्रदेशात हिवाळा आला की द्राक्षवेल पाने गाळते आणि झोपी जाते. वसंतात उठते, शरदात फळ देते. दख्खनच्या पठारावर तिला झोपवण्याइतकी थंडी पडत नाही. वेल बारमाही हिरवी राहते आणि मोकळी सोडली तर रानभर पसरते.

तेव्हा येथे ऋतूचे काम कात्रीला करावे लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. नव्या काड्या फुटतात आणि उन्हाळ्याच्या प्रखर प्रकाशात त्यांच्या डोळ्यांमध्ये सूक्ष्मघड तयार होतात. पुढे सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी होते. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात. थंडीने जो इशारा द्यायचा तो येथे रसायन देते. पहिल्या छाटणीचे पीक न घेता दुसऱ्याच छाटणीचे घ्यायचे, म्हणजे फळ पावसाळा टाळून थंडीच्या दिवसांत वाढते. पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या प्रश्नांवर काम करते. नाशिक, सांगली वा बंगळुरूजवळच्या नंदी टेकड्यांचा शेतकरी मात्र हे वेळापत्रक पंचांगाइतके पाठ करून असतो.

आता चवीकडे येऊ. युरोपात द्राक्ष पिकत असताना दिवस थंडावत जातात. आपल्याकडे तोडणी साधारण जानेवारी ते मार्च, म्हणजे ऊन चढत असताना. उष्णतेत द्राक्षातले मॅलिक आम्ल श्वसनात वेगाने खर्च होते आणि साखर भराभर वाढते. नाशिकच्या गार रात्री हा वेग थोडा आवरतात. तरीही आम्ल टिकवणे ही भारतीय वाइनकाराची कायमची झुंज आहे. आणि बाटलीत वर्षानुवर्षे तग धरण्यास जे घटक लागतात, त्यांत आम्ल अग्रभागी आहे. म्हणून आपली शेनिन ब्लाँ किंवा सोव्हिन्यों ब्लाँ तरुणपणीच प्यायची असते. शक्यतो एक-दोन वर्षांत. काही तांबड्या वाइन अधिक काळ टिकतात, परंतु एप्रिल-मेच्या उकाड्यातल्या कपाटात त्याही टिकत नाहीत.

दुसरा उसना नियम तपमानाचा. ‘तांबडी वाइन खोलीच्या तपमानाला द्यावी’ हे म्हणणाऱ्यांच्या खोल्या जुन्या दगडी घरांतल्या होत्या. अर्थ होता १५ ते १८ अंश सेल्सिअस. आपल्या ३२ अंशांच्या दिवाणखान्यात तीच वाइन अल्कोहोलच्या वाफेने नाक झोंबवते. एकाच बाटलीतली तांबडी वाइन दोन पेल्यांत ओतून एक पेला अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावा आणि मग दोन्ही हुंगून पाहावेत. पुस्तके वाचून कळणार नाही इतके तेवढ्यात कळते. पांढरीला ८ ते १२ अंश पुरतात.

मद्याचे कायदेशीर वय राज्याराज्यांत निराळे आहे, गुजरात व बिहारात बंदीच आहे. तांबडी वाइन हृदयाला हितकारक असते, हा एके काळचा लाडका समजही आता टिकलेला नाही: मद्याची पूर्णपणे सुरक्षित अशी मात्रा सांगता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले. आस्वाद घ्यायचा तो हे जाणून.

आणि पट्टीवरच्या सालाबद्दल एक हिशेब. भारतीय द्राक्षे फेब्रुवारीत तुटतात, फ्रान्सची सप्टेंबरात. दोन्ही बाटल्यांवर साल एकच छापलेले असले, तरी आपली बाटली सहा-सात महिन्यांनी वयस्क असते. दुकानात पांढरी वाइन निवडताना सर्वांत ताजे साल शोधावे, आणि ती बाटली रस्त्याकडेच्या काचेआड उन्हात उभी असेल तर दुकानदाराला आतली, सावलीतली मागावी.