बेचाळीस ऑल आउट: हरलेल्या कॅप्टनचं आपण काय करतो?

(या भागाचं शब्दांकन)

इअरफोन नीट लावा, कारण आज विषय जरा दुखऱ्या जागेचा आहे.

झालं असं, की परवा इंदापूर तालुक्यातल्या शेळगावातून एक व्हॉइस मेसेज आला. पोरगा रोज बारामतीला कॉलेजला जातो. म्हणाला, "दादा, मागच्या वर्षी आमच्या कबड्डी टीमने कप आणला. यंदा पहिल्याच फेरीत धुतलं आम्हाला. आता ग्रुपवर सगळे कॅप्टनच्या मागे लागलेत. मी पण काहीबाही लिहून बसलोय. चुकलं का माझं?"

मित्रा, लगेच उत्तर देत नाही. आधी तुला पन्नास वर्षं मागे नेतो.

साल 1971. भारताचा कॅप्टन आपला मुंबईकर, अजित वाडेकर. वर्षाच्या सुरुवातीला टीम वेस्ट इंडिजला गेली आणि तिथे पहिल्यांदाच मालिका जिंकली. सुनील गावसकर नावाच्या नव्या पोराने पहिल्याच मालिकेत 774 रन्स ठोकल्या. मग इंग्लंड. 24 ऑगस्टला, गणेश चतुर्थीच्या दिवशी, ओव्हलवर भारत जिंकला. चंद्रशेखरने 38 रन्समध्ये 6 विकेट्स काढल्या आणि इंग्लंडचा दुसरा डाव 101 वर आटोपला. इंग्लंडमध्ये भारताने जिंकलेली ही पहिली टेस्ट आणि पहिलीच मालिका. मुंबईत टीमची मिरवणूक निघाली. पुढे इंदूरमध्ये काँक्रीटची भलीमोठी बॅट उभारली गेली, तिचं नाव 'विजय बल्ला'. 1972-73 मध्ये इंग्लंड भारतात आलं, तेव्हाही आपण 2-1 ने जिंकलो. सलग तीन मालिका! लोकांना वाटायला लागलं, आता आपण हरतच नाही.

इथे जरा थांबू या. कारण घोळ इथेच आहे.

1971 च्या त्या इंग्लंड मालिकेत तीन टेस्ट होत्या. स्कोअरकार्ड काढून बघा. लॉर्ड्सवर जिंकायला 183 हव्या होत्या, आपण 8 बाद 145 वर होतो आणि पाऊस आला. मॅच ड्रॉ. मँचेस्टरला 420 चं टार्गेट होतं, 3 बाद 65 वर होतो आणि शेवटचा अख्खा दिवस पावसाने खाल्ला. पुन्हा ड्रॉ. मग ओव्हल जिंकलं. ओव्हलचा विजय शंभर टक्के कष्टाचा होता, त्यात वाद नाही. पण मालिका 1-0 होण्यात पावसाचाही हात होता. मिरवणुकीत हे कोण आठवणार? आपल्या डोक्यात फक्त निकाल राहिला, तो कसा लागला ते विसरून गेलो.

आता या 1974 मध्ये. टीम परत इंग्लंडला. मधल्या सोळा महिन्यांत भारताने एकही टेस्ट खेळलेली नव्हती. शिवाय 1971 च्या टेस्ट जुलै-ऑगस्टमधल्या, तर या वेळी सुरुवात थेट जूनमध्ये. थंडी, ओल, स्विंग होणारा बॉल. आपली ताकद स्पिनर्सची, आणि हवामान सगळं त्यांच्या फास्ट बॉलर्सच्या बाजूने.

पहिली टेस्ट 113 रन्सनी गेली. दुसरी लॉर्ड्सवर. इंग्लंडने 629 केल्या. आपण 302 करून फॉलोऑनमध्ये. रविवारी सुट्टी होती. सोमवारी, 24 जूनला सकाळी बॅटिंग सुरू झाली आणि 17 ओव्हर्समध्ये सगळी टीम 42 वर आउट! एकनाथ सोलकर एकटा 18 वर नाबाद. तिसरी टेस्टही डावाने गेली. मालिका 3-0.

मग देशात काय झालं? वाडेकरांच्या मुंबईतल्या घरावर दगड पडले. इंदूरच्या त्या विजय बल्ल्याला डांबर फासलं. वाडेकरांना तर पश्चिम विभागाच्या टीममधूनही वगळलं आणि त्यांनी क्रिकेट सोडलं. तीन वर्षांपूर्वी हार घालणारे आणि आता दगड मारणारे, गाव तेच होतं.

बरं, कॅप्टन बदलून चित्र पालटलं का? पुढच्या मालिकेत पतौडी कॅप्टन झाले. वेस्ट इंडिजने घरच्या मैदानांवर आपल्याला 3-2 ने हरवलं. वाडेकरांचा हिशोब मांडला तर 16 टेस्ट, 4 विजय, 4 पराभव, 8 ड्रॉ. 1971 ला आपण त्यांना देव केलं, 1974 ला गुन्हेगार. आकडे म्हणतात, दोन्ही नव्हते. चांगला कॅप्टन होता, मर्यादा असलेल्या टीमचा.

तो 42 चा नकोसा विक्रम मोडला 19 डिसेंबर 2020 ला. ॲडलेडला भारत 36 वर आटपला. विराट कोहली सुट्टीवर, शमी जखमी. सगळीकडे एकच भाकीत, आता 4-0. तेव्हा कॅप्टन झाला संगमनेर तालुक्यातला अजिंक्य रहाणे. टीममध्ये चार बदल झाले, गिल आणि सिराज पहिली टेस्ट खेळले, रहाणेने मेलबर्नला 112 केल्या आणि मॅच जिंकली. 19 जानेवारी 2021 ला ब्रिस्बेन जिंकून मालिका 2-1. जिथे ऑस्ट्रेलिया 1988 पासून टेस्ट हरली नव्हती, तिथे!

पण थांबा. यावरून "धीर धरा, पुढच्या वेळी जिंकालच" असं मी अजिबात म्हणणार नाही. 36 नंतर विजय आला, 42 नंतर पुन्हा पराभव आला. एका निकालावरून पुढचा निकाल सांगता येत नाही, एवढंच यातून कळतं.

तर शेळगावच्या मित्रा, आता तुझं उत्तर. ग्रुपवर लिहिण्याआधी तीन गोष्टी बघ. मागच्या वर्षीचा कप कसा आला होता, किती मॅच एक-दोन पॉइंटनी सुटल्या होत्या? त्या टीममधले किती जण पास होऊन गेले? आणि यंदा सराव किती झाला? याची उत्तरं मिळाली की टीका जरूर कर. "आपला डिफेन्स कच्चा आहे" ही टीका झाली. "कॅप्टनला हाकला" हा दगड झाला.

आणि जे लिहिलंयस ते डिलीट करून भागणार नाही. कॅप्टन तुझ्याच कॉलेजचा आहे ना? मग उद्या कॅन्टीनला चहा पाज त्याला, आणि मॅचचं काहीतरी विचार.

चला, भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत तुमच्या गावच्या एखाद्या हरलेल्या टीमची गोष्ट आम्हाला नक्की पाठवा. जिंकलेल्यांच्या गोष्टी सगळेच सांगतात.