मण्यांच्या हस्तनिर्मित अलंकारांतील सर्जनशील मालकी : व्हेनिसपासून भारतीय कायद्यापर्यंत एक ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक

मणी ओवून अलंकार घडविणे ही मानवाच्या अतिप्राचीन कलांपैकी एक होय. लोथल येथील उत्खननात मणी घडविण्याची कार्यशाळाच उजेडात आली आहे. महाराष्ट्रात काळी पोत, ठुशी, बोरमाळ हे अलंकार आजही प्रचारात आहेत. मणी घडविणारा एक आणि ते रेशमात गाठवून देणारा पटवेकरी दुसरा, अशी श्रमविभागणी आपल्याकडे पूर्वापार चालत आली. परंतु ठुशीची घट्ट वीण प्रथम कोणाच्या बोटांनी साधली, याची नोंद कोठेही नाही. ही अनामिकता केवळ योगायोगाची आहे की मालकीविषयक कायद्याच्या घडणीतच तिची कारणे दडली आहेत, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी व्हेनिसचे उदाहरण विशेष उपयुक्त ठरते. कारण काचमण्यांचा जगद्विख्यात व्यवसाय आणि पेटंटचा आद्य लेखी कायदा या दोन्ही गोष्टी त्या एकाच नगरराज्यात विकसित झाल्या.

कारागीर-संघाचे गुपित

1291 साली व्हेनिसच्या महासभेने काचेच्या भट्ट्या शहराबाहेर मुरानो बेटावर नेण्याचा आदेश दिला. आगीचे भय हे त्यामागील प्रमुख कारण होते. परंतु एका बेटावर एकवटलेल्या कारागिरांवर देखरेख ठेवणेही त्यामुळे सुलभ झाले. काचकामाची कृती ही संघाची सामाईक ठेव मानली जाई आणि ती परराज्यात नेणाऱ्यास शिक्षेचे भय असे. या व्यवस्थेत ज्ञानाला संरक्षण होते, पण ते समूहाच्या नावाने. कल्पना सुचलेल्या व्यक्तीच्या नावाने नव्हे.

या संदर्भात मारिएत्ता बारोविएर हिचे उदाहरण बोलके आहे. प्रसिद्ध काचकार आंजेलो बारोविएर याच्या या कन्येला 1487 साली स्वतःची लहान भट्टी उभारण्याची परवानगी मिळाली. निळ्या, पांढऱ्या व तांबड्या थरांचा, कापलेल्या टोकावर तारकाकृती दाखविणारा ‘रोझेटा’ मणी तिनेच शोधला, असे परंपरा सांगते. मात्र परवाना होता तो भट्टीचा; मण्याच्या नक्षीवरील मालकीचा नव्हे. नक्षी पुढे सर्वांची झाली आणि खंडोखंडीच्या व्यापारात फिरली.

1474 चा कायदा आणि त्याची मर्यादा

19 मार्च 1474 रोजी व्हेनिसने जो कायदा संमत केला, त्यानुसार राज्यात पूर्वी न झालेली, नवी व कल्पक रचना सिद्ध करून तिची नोंद करणाऱ्यास दहा वर्षांचे संरक्षण मिळे. त्याच्या संमतीविना तिची नक्कल करणाऱ्यास शंभर डुकाट दंड होई व नक्कल नष्ट केली जाई. नावीन्य, उपयुक्तता, नोंदणी आणि मुदत ही आधुनिक पेटंटची चारही अंगे येथे बीजरूपाने आढळतात. परंतु याच चार कसोट्या ओवणकामाला अडचणीच्या ठरतात. मणी व धागा परिचित, गाठी परिचित. नवी असते ती त्यांची संगती. ती हाताला ठाऊक असते, कागदावर क्वचितच उतरते.

यंत्रयुग आणि ओवणाऱ्या स्त्रिया

एकोणिसाव्या शतकात हा भेद अधिक ठळक झाला. रिचर्ड प्रॉसर याने 1840 साली इंग्लंडमध्ये मातीच्या कोरड्या भुकटीवर साच्यात दाब देऊन बटणे घडविण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. पुढे फ्रान्समध्ये बाप्तेरोस याने त्याच तत्त्वावर मण्यांचे प्रचंड उत्पादन केले. ते मणी संग्राहकांत आजही ‘प्रॉसर मणी’ म्हणून ओळखले जातात. दानिएल स्वारोव्स्की याने 1892 साली काच कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि त्याचे आडनाव जगभर पोहोचले.

याच काळात व्हेनिसच्या गल्ल्यांत ‘इंपिरारेसे’ म्हणविल्या जाणाऱ्या स्त्रिया दारात बसून मणी ओवीत. मांडीवर मण्यांनी भरलेले लाकडी पसरट पात्र, हातात पंख्यासारख्या धरलेल्या लांब सुया, आणि मजुरी नगावर. कारखाना व त्यांच्यामध्ये एक मध्यस्थ स्त्री असे. चित्रकार सार्जंट याने 1880 च्या सुमारास त्यांना चित्रबद्ध केले. चित्रकाराचे नाव राहिले, ओवणारीचे नाही. 2020 साली इटली व फ्रान्स यांच्या काचमणी कलेचा समावेश युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या सूचीत झाला. हा गौरव निश्चितच मोलाचा आहे. तथापि त्यातून मालकीचा हक्क निर्माण होत नाही.

भारतीय कायद्यातील स्थिती

भारतीय कायदा याच परंपरेचा वारसदार असल्याने त्यातही हाच पेच दिसून येतो. पेटंट कायदा, 1970 मध्ये 2002 साली झालेल्या दुरुस्तीनुसार पारंपरिक ज्ञान हा ‘शोध’ ठरत नाही. हे एका अर्थी हिताचेच आहे. अन्यथा उद्या कोणीही मंगळसूत्राच्या गाठवणीवर मक्तेदारी सांगू शकेल. डिझाइन कायदा, 2000 हातकामालाही लागू होतो आणि दहा अधिक पाच वर्षांचे संरक्षण देतो. पण रचना नवी व पूर्वी अप्रसिद्ध असावी लागते. नोंदणीयोग्य रचनेची नोंदणी केली नाही, तर औद्योगिक प्रक्रियेने तिच्या पन्नासाहून अधिक प्रती निघताच प्रताधिकारही संपुष्टात येतो. बाजारात माळ आधी विकून मग मागणी पाहणाऱ्या कारागीर स्त्रीला ही वाट बहुधा बंदच असते.

उरतो तो भौगोलिक निर्देशन कायदा, 1999. खंबातचे अकीक आणि वाराणसीचे काचमणी यांना त्याचा लाभ मिळाला आहे. परंतु हा कायदा नावाचे रक्षण करतो, नक्षीचे नव्हे. 2019 साली भौगोलिक निर्देशन मिळालेल्या कोल्हापुरी चपलेशी साम्य असणारी पादत्राणे 2025 साली मिलान येथे प्राडाच्या फॅशन प्रदर्शनात झळकली, तेव्हा महाराष्ट्राला या मर्यादेची जाणीव झाली. भारतीय कारागिरीपासून प्रेरणा घेतल्याचे त्या संस्थेने टीकेनंतर मान्य केले; ही कबुली लोकमताने मिळविली.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. एक, संरक्षण आजवर भट्टी, यंत्र आणि नाव यांच्यामागे गेले. धाग्यामागे गेले नाही. दोन, ही उणीव पेटंट अधिक व्यापक करून भरून निघणार नाही, कारण सामाईक गाठींवर एकाची मक्तेदारी आल्यास पहिली झळ ओवणाऱ्या हातांनाच लागेल. तीन, श्रेय आणि मक्तेदारी या दोन भिन्न गोष्टी आहेत. मक्तेदारी न देताही श्रेय नोंदविता येते.

येथे महाविद्यालयांना कार्य आहे. आपल्या परिसरातील पटवेकरी व ओवणाऱ्या स्त्रिया यांच्या रचना त्यांच्या संमतीने, नावानिशी आणि तारखेसह नोंदविल्या, तर अशी नोंद पूर्वप्रसिद्धीचा पुरावा ठरून पुढे कोणी त्यांवर हक्क सांगू लागल्यास उपयोगी पडेल. मात्र एखादीला स्वतःच्या नव्या रचनेची नोंदणी करावयाची असेल, तर तिचा अर्ज आधी आणि आपली प्रसिद्धी नंतर, हा क्रम पाळला पाहिजे. अन्यथा आपली सदिच्छाच तिचा हक्क बुडविण्यास कारणीभूत होईल.