रुपयाला जात असते का?

करमाडचा आठवडी बाजार तुमच्या-माझ्या परिचयाचा. भाव विचारायचा, पैसे मोजायचे, माल घ्यायचा. अर्थशास्त्र म्हणतं, दुकानदाराला फक्त गिऱ्हाइकाचा पैसा दिसतो. इतिहास तसं म्हणत नाही.

महाड, मार्च १९२७. चवदार तळं नगरपालिकेनं १९२४ मध्येच सर्वांना खुलं केलं होतं. तरी बाबासाहेबांच्या परिषदेसाठी सवर्णांकडून ४० रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. आता बघा, तळ्याला हात लागला तर विटाळ, पण पाण्याचे पैसे हातात घेतले तर नाही! पैसा चालत होता, माणूस चालत नव्हता.

खेड्यातल्या हॉटेलातही तेच. चहाचा दर सारखा. दलिताचा कप मात्र वेगळा, बाहेर ठेवलेला, ज्याचा त्यानं धुवायचा. कोल्हापुरात शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना हॉटेल काढून दिलं आणि स्वतः तिथे चहा घेतला. राजाला कळलं होतं, प्रश्न चहाचा नाही, कपाचा आहे.

अमेरिकेत हेच रंगावरून चालायचं. १ फेब्रुवारी १९६० ला ग्रीन्सबरो गावी चार कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी वुलवर्थच्या दुकानात किरकोळ वस्तू घेतल्या. त्यांचे पैसे घेतले गेले. त्याच दुकानात ते खाण्याच्या काउंटरवर बसले, तेव्हा नकार मिळाला.

आपला मराठवाडा मुक्त होऊन जेमतेम अडीच महिने झाले होते. २९ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत प्रश्न आला : ‘दुकान’ म्हणजे काय? न्हाव्याचं, धोब्याचं त्यात येतं का? बाबासाहेबांनी सांगितलं, शब्द व्यापक अर्थानं घेतलाय. मोबदला घेऊन सेवा देणारा प्रत्येक जण त्यात येतो. पुढे १९५५ च्या कायद्यानं आणखी नेमकं सांगितलं : अस्पृश्यतेच्या कारणावरून माल वा सेवा नाकारायची नाही, आणि ती द्यायची ती इतरांना मिळते त्याच वेळी, त्याच जागी, तशाच अटींवर.

हे ‘त्याच जागी’ फार मोलाचं आहे, बरं का. समता म्हणजे नुसता माल मिळणं नव्हे. इतरांच्या शेजारी उभं राहून मिळणं.

आज कप बहुधा एकच असतो. पण शहरात खोली भाड्यानं मागायला जा. भाडं ठरायच्या आधी घरमालक विचारतो, ‘आडनाव काय?’ मग खोली अचानक ‘कालच गेलेली’ असते. खिशातली नोट तीच असते. मोजला जातो तो माणूस.