दोन हजार व्होल्ट आणि एक अंगुस्तान

संदेश क्षीण येऊ लागला की व्होल्टेज वाढवावे, असे कोणालाही वाटेल. जमिनीवरच्या तारायंत्रात ठराविक अंतरावर रिले असत. दमलेल्या संकेताने रिलेची पट्टी हलली की नव्या बॅटरीतून ताजा संकेत पुढे जाई. हौशी रेडिओवाले डोंगरावर रिपीटर बसवतात, तो याचाच वंशज. पण अटलांटिकच्या तळाशी रिले कोण बसवणार?

५ ऑगस्ट १८५८ रोजी आयर्लंड ते न्यूफाउंडलंड ही सुमारे ३२०० किलोमीटरची केबल पुरी झाली. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश जायला सोळा तास लागले! कंपनीचा विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस हा मूळचा शल्यचिकित्सक. त्याने प्रचंड प्रवर्तन कुंडले जोडून केबलला सुमारे २००० व्होल्टचे झटके दिले.

विल्यम थॉमसनने (पुढे लॉर्ड केल्व्हिन) १८५४ मध्येच गणित मांडले होते. केबल म्हणजे एक लांबलचक धारित्र: आत तांब्याची तार, बाहेर समुद्राचे पाणी, मध्ये गटापर्चाचे आवरण. लांबी दुप्पट केली की रोध दुप्पट आणि धारिताही दुप्पट. म्हणून विलंब चौपट. या सूत्रात व्होल्टेज येतच नाही. वर्गात करून पाहा. १० किलोओहमच्या रोधकातून १००० मायक्रोफॅरडचे धारित्र निम्मे भरायला सुमारे ७ सेकंद लागतात, मग बॅटरी ३ व्होल्टची असो की ९ व्होल्टची. दोन्ही दुप्पट करा, २८ सेकंद लागतील.

थॉमसनने उलटी वाट धरली. दाब कमी ठेवायचा आणि घेणारे उपकरण नाजूक करायचे. त्याच्या गॅल्व्हॅनोमीटरमध्ये रेशमाच्या धाग्याला इवलासा आरसा टांगलेला असे, पाठीला चुंबकाचे तुकडे. दिव्याचा कवडसा पट्टीवर डावीउजवीकडे सरके, त्यावरून अक्षरे वाचायची.

सप्टेंबरच्या आरंभीच केबल मुकी झाली. खापर व्हाइटहाउसवर फुटले. मला ते अर्धेच न्याय्य वाटते. केबलमध्ये काही जागी तार आवरणाच्या मध्यावर नव्हती, शिवाय ती उन्हातही पडून होती. दुबळ्या जागा आधीच होत्या. २००० व्होल्टनी त्या फोडल्या. तेवढ्या दिवसांत इंग्रज सरकारने मात्र कॅनडातल्या पलटणींना 'परत येऊ नका' असे कळवून घेतले. १८५७ चा हिंदुस्थानातला उठाव तोवर आटोक्यात आला होता. त्या एका निरोपाने सुमारे ५०,००० पौंड वाचले.

१८६६ मध्ये दोन केबली चालू झाल्या. लॅटिमर क्लार्कने त्यांची पलीकडची टोके एकमेकांना जोडायला लावली. मग शिवणकामाचे चांदीचे अंगुस्तान घेऊन त्यात थोडे आम्ल आणि जस्ताचा तुकडा घातला. जेमतेम एका व्होल्टची ती बॅटरी. तिचा संकेत सहा हजार किलोमीटरहून अधिक प्रवास करून परत आला, आणि कवडसा हलला.