क्रिकेटनं कबड्डी खाल्ली का? जरा कोल्हापूरला विचारू

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

भिवंडीत एक वाक्य आता ठरलेलं आहे. काल्हेर-कशेळीपासून अंजूर-माणकोलीपर्यंत कुठल्याही गावात जुन्या खेळाडूंजवळ बसा, पाच मिनिटांत ऐकायला मिळतं, "क्रिकेटनं आपली कबड्डी खाल्ली." लाइट लावून रात्रभर टेनिस बॉलच्या मॅचेस, बक्षिसाला मोटारसायकल, यूट्यूबवर लाइव्ह. त्यात मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर टेनिस बॉलची आयएसपीएल लीगच सुरू झाली. मग पोरगं कबड्डीकडे कशाला वळेल, असा सगळ्यांचा सूर.

सूर खोटा नाही, पण अर्धाच खरा आहे. एका खेळाचं यश दुसऱ्याच्या मुळावर येतं का, याचं उत्तर आपल्याच राज्याच्या इतिहासात आहे.

आधी कोल्हापूर. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, मल्लांच्या राहण्या-खाण्याची सोय केली, खासबागचं मैदान बांधलं. १९१२ साली ते तयार झालं. मधे हौदा, भोवती उतरती बैठक, कुठूनही बसा, कुस्ती दिसते. पेठापेठांत तालमी होत्याच. तालीम म्हणजे पेठेची शान.

फुटबॉलही तिथे संस्थानकाळातच आला. आणि रुजला कुठे, तर याच तालमींत! आज कोल्हापुरातल्या फुटबॉल संघांची नावं वाचा. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. बाहेरच्या माणसाला वाटेल ही कुस्तीच्या आखाड्यांची यादी आहे. पण शाहू स्टेडियमवर ही नावं जर्सीवर असतात, आणि पेठेच्या इज्जतीसाठी गॅलरी भरते. तिकीट काढून लोक लोकल फुटबॉल बघतात, असं महाराष्ट्रात दुसरं गाव दाखवा. काही संघ तर परदेशी खेळाडू आणतात. २०१७ च्या १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा.

आता दुसरी बाजू. २००० साली विनोद चौगुले महाराष्ट्र केसरी झाला. त्यानंतर कोल्हापूरला ती गदा मिळायला एप्रिल २०२२ उजाडलं, साताऱ्यात पृथ्वीराज पाटीलनं ती आणली. मधे २१ वर्षं गेली. कुस्तीच्या पंढरीत २१ वर्षं गदा नाही! आणि त्याच काळात फुटबॉलची गॅलरी भरलेली. मग लोक म्हणणारच, की फुटबॉलनं कुस्ती खाल्ली.

पण जरा थांबा. त्या २१ वर्षांत गदा कुठे गेली ते बघा. नरसिंग यादव २०११ पासून सलग तीन वेळा, तो मुंबईकडून. विजय चौधरी २०१४ पासून सलग तीन वेळा, तो जळगावचा. सांगलीचा चंद्रहार पाटील दोन वेळा. यातल्या कुणाच्या विजयात कोल्हापूरच्या फुटबॉलचा काय संबंध? कुस्ती बदलली होती, आणि बदल ज्यांनी आधी ओळखला ते पुढे गेले. महाराष्ट्र केसरीत आता माती आणि गादी असे दोन गट असतात, दोन्हीकडचे विजेते शेवटी एकमेकांशी लढतात. नुसत्या मातीवर घाम गाळून भागत नाही. गादी लागते, वस्ताद लागतो, बाहेरच्या स्पर्धांचा अनुभव लागतो.

दुसरी गोष्ट पैशाची. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान विलीन झालं आणि राजाश्रयाचा मोठा आधार गेला. खाशाबा जाधवांचंच बघा. १९४८ ला लंडन ऑलिम्पिकला जाताना कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च केला, तिथे सहावा नंबर आला. १९५२ ला हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा पैशासाठी दारोदार फिरावं लागलं. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार उभे केले. खाशाबांनी ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. तेव्हा फुटबॉल कुणाच्या आड आला नव्हता. राजा गेला आणि त्याच्या जागी नवीन व्यवस्था उभी राहिली नाही, दुखणं ते होतं.

फुटबॉलनं काहीच नेलं नाही, असंही मी म्हणत नाही. पेठेतला पोरगा नेला. कुस्तीला दूध, बदाम, मटण, पहाटे चारचं उठणं आणि पाच-सात वर्षं कमाईशिवाय काढायची तयारी लागते. फुटबॉल शाळा किंवा नोकरी सांभाळून संध्याकाळी खेळता येतो. शहरातल्या घरानं हिशोब केला आणि पोराला बूट घेऊन दिले. तालमीत मग खेड्यापाड्यांतून, दुसऱ्या जिल्ह्यांतून आलेली मुलं राहिली. पेठेचं प्रेम, वर्गणी आणि गर्दी फुटबॉलकडे वळली. हे नुकसान खरं आहे.

आता मुंबई. वानखेडे म्हटलं की क्रिकेट. पण १९८१ च्या शेवटी आणि १९८२ च्या सुरुवातीला हॉकीचा वर्ल्ड कप याच वानखेडेवर झाला, हे किती जणांना आठवतं? पाकिस्तान जिंकलं, आपण पाचवे आलो. पुढच्याच वर्षी, २५ जून १९८३ ला, कपिलच्या टीमनं लॉर्ड्सवर कप उचलला आणि देश क्रिकेटचा झाला. तेव्हापासून आपण म्हणतो, क्रिकेटनं हॉकी मारली. पण हॉकीची घसरण त्याआधीच सुरू झाली होती. १९२८ पासून प्रत्येक ऑलिम्पिकमध्ये पदक आणणारा भारत १९७६ ला माँट्रियलमध्ये सातवा आला, कारण तिथे पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर हॉकी झाली. वानखेडेचा तो वर्ल्ड कप खऱ्या गवतावरचा शेवटचा ठरला. जग टर्फवर गेलं, आपली पोरं गवतावर राहिली. कोल्हापुरात गादी, हॉकीत टर्फ, गोष्ट तीच.

आणि तिसरं उदाहरण उलट आहे. २००८ ला आयपीएल आली, तिनं लीग कशी चालवायची याचा साचा दाखवला. तोच साचा घेऊन २०१४ ला प्रो कबड्डी उभी राहिली. २६ जुलै २०१४ ला पहिली मॅच वरळीत झाली, यू मुंबा विरुद्ध जयपूर. पुढच्या वर्षी यू मुंबानं विजेतेपद घेतलं. म्हणजे क्रिकेटच्या यशातून कबड्डीला टीव्ही मिळाला, पैसा मिळाला. अर्थात ती कबड्डी मॅटवरची. आपली पोरं अजून मातीत.

तर मंडळी, हिशोब असा आहे. दुसऱ्या खेळाचं यश प्रेक्षक नेतं, वर्गणी नेतं, संध्याकाळ नेतं. पण खेळ मरतो तो स्वतःची जागा, साधनं आणि शिकवणारा माणूस गेल्यावर. भिवंडीत काय झालं? गावाशेजारच्या मोकळ्या जमिनीवर गोदामं उभी राहिली. ती क्रिकेटवाल्यांनी नाही बांधली. आपणच जमिनी दिल्या, भाडं आपल्याच घरात येतं. उरलेल्या तुकड्यांवर जाळी मारून बॉक्स क्रिकेट आलं, कारण ते तासाला पैसे देतं. कबड्डी तासाला पैसे देत नाही, म्हणून तिला जागा नाही.

खरं तर कबड्डीला लागतं किती? पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर. मुलींचं त्याहून लहान. एका मध्यम गोदामाच्या कोपऱ्यात बसेल. "जागा नाही" हे कारण क्रिकेटला शोभतं, कबड्डीला नाही.

म्हणून क्रिकेटला शिव्या घालणं पुरे. माझ्या तीन मागण्या आहेत. महापालिकेनं निदान एका शाळेत कायमची मॅट टाकावी आणि संध्याकाळी ती मुला-मुलींना खुली ठेवावी. ज्या गावात क्रिकेटची मोठी स्पर्धा होते, त्या मंडळानं जमलेल्या पैशातला ठरलेला हिस्सा गावच्या कबड्डी संघाला द्यावा, अगदी थोडा का होईना. आणि गोदामांच्या भाड्यावर ज्यांचं बरं चाललंय, त्यांनी एका प्रशिक्षकाचा पगार वाटून घ्यावा. हे राजाश्रयाचं काम आहे. राजा आता नाही, म्हणून ते आपल्याकडे आलं.

कोल्हापूरच्या तालमींनी फुटबॉल आपलासा केला, त्यात वाईट काही नाही. फक्त तालमीच्या नावात कुस्ती राहिली आणि हौद्यात पेठेची पोरं कमी झाली. आपल्या गावांत "क्रीडा मंडळ" लिहिलेले किती बोर्ड आहेत, आणि त्यातल्या किती मंडळांकडे आज कबड्डीचा संघ आहे? आपापल्या गावचा आकडा कमेंटमध्ये लिहा. यादी झाली की ती घेऊन महापालिकेत आणि पंचायत समितीत जाऊ. कोण कोण येणार, तेही लिहा.